पायाची नाडी: विडी सोडण्याचं एक प्रकरण

नाशिकच्या सिडको भागात माझा छोटा दवाखाना आहे. अंबड एमआयडीसी जवळच असल्यानं पाळी सुटली की कामगारांची गर्दी होते. त्यांच्यातल्याच एकाची ही हकीकत. त्यांना मी पहिल्या दिवसापासून दादा म्हणत आले, इथंही तेच ठेवते. लिहायला त्यांची आणि त्यांच्या पत्नीची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचे आणि माझ्या चुकांचे बदललेले नाहीत.

पार्श्वभूमी

दादांचं वय तेव्हा ३८. लेथवर काम, तीन पाळ्या, दोन खोल्यांचं घर, दोन मुली. मूळ गाव सिन्नरजवळ. सिन्नर परिसरात विडी वळणं हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं घरबसल्या काम. दादांची आईही तेच करायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात कापून ठेवलेली तेंदूची पानं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. शाळेतून आल्यावर वळलेल्या विड्यांची तोंडं दुमडायचं काम दादांकडे असे. चौदाव्या वर्षी त्या सुपातलीच एक उचलून त्यांनी पहिला झुरका घेतला. माझ्याकडे आले तेव्हा दिवसाला पंचवीस-तीस विड्या होत होत्या.

त्यांचा एक ठाम समज होता. सिगारेटीत केमिकल असतं, विडी म्हणजे काय, पानच की. असं समजणारे मला रोज भेटतात. विडीत तंबाखू सिगारेटीपेक्षा कमी असते हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा आत-बाहेर होत नाही, विडी सारखी विझते आणि ती पेटती ठेवायला घाईघाईनं, खोल झुरके मारावे लागतात. त्यामुळे निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीइतकंच किंवा जास्तच आत जातं. भारतातल्या मृत्यूंचा देशव्यापी अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, तर विडी ओढणाऱ्या बायकांचं सुमारे ८ वर्षांनी कमी झालेलं दिसलं.

कर्करोगाचं दादांना माहीत होतं. ‘मॅडम, ते सगळ्यांनाच माहितीये,’ असं ते म्हणत आणि लगेच नव्वदीपर्यंत विडी ओढून झोपेत गेलेल्या आजोबांची गोष्ट काढत. तंबाखूच्या वेष्टनावर ८५ टक्के भागात चित्रमय इशारा असावा हा नियम एप्रिल २०१६ पासून लागू आहे. पण विडीच्या बंडलावरचा पातळ कागद पहिली विडी काढतानाच फाटतो, आणि चित्र टपरीपाशीच पडून राहतं.

समस्या

दादा पहिल्यांदा आले ते डिसेंबरात. पोटरीवर एक शीर लाल, दुखरी, दोरीसारखी टणक झाली होती. मी शिरेची सूज म्हणून औषध दिलं आणि जाता जाता म्हटलं, ‘विडी सोडा, कॅन्सर होतो.’ आठवड्याभरात ती शीर बसली. महिन्याभरानं दुसऱ्या पायावर तशीच दुसरी उठली होती, पण ती दाखवायला ते आलेच नाहीत.

मार्चमध्ये आले ते चालताना तळव्यात पेटके येतात म्हणून. थांबलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, चालायला लागलं की पुन्हा. आदल्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीतही असंच झालं होतं. वीसेक किलोमीटरची ती फेरी ते दरवर्षी मित्रांबरोबर अनवाणी करत. त्या वर्षी अर्ध्यावर बसले आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवरून परत आले. खडे टोचले असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

त्या दिवशी मी मोजे काढायला लावले. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे, एक नाडी लागते. पावलाच्या वरच्या बाजूला दुसरी. डाव्या पायात दोन्ही लागत नव्हत्या, उजव्यात वरची अगदी पुसट. तरुण वय, तंबाखू, जागा बदलत सुजणाऱ्या शिरा, तळव्यातले पेटके, हे सगळं जुळवलं की बर्गरच्या आजाराकडे बोट जातं. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत गुठळ्या होतात आणि वाहिन्या बंद पडत जातात. तंबाखूशिवाय हा आजार सहसा दिसत नाही आणि तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय थांबत नाही. दादांची समस्या कर्करोगाच्या कितीतरी आधी, पायाच्या बोटांपाशी सुरू झाली होती. विडीनं पाय जातो हे त्यांना चोवीस वर्षांत कुणी सांगितलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पहिला निर्णय, जो चुकला

दवाखान्यात गर्दी होती. दादांना हादरा बसावा म्हणून मी मोबाइलवर गँगरीन झालेल्या पावलाचा फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. ‘तुमचा पाय असा होईल.’ ते फोटोकडे पाहत राहिले, ‘बरं’ म्हणाले, पैसे दिले आणि गेले. रक्तवाहिन्यांच्या सर्जनसाठी लिहून दिलेली चिठ्ठी टेबलावरच राहिली.

पुढचे तीन महिने ते आले नाहीत. या काळात काय झालं ते नंतर वहिनींनी सांगितलं. त्या रात्री दादांनी अख्खा बंडल संपवला. कुणीतरी सायटिका म्हटलं, म्हणून मालिश करून घेतली. मग गरम पाण्याचा शेक. रक्त कमी पोहोचणाऱ्या पायाला शेक देणं धोक्याचं असतं, चटका बसलेला कळत नाही आणि जखम भरत नाही. भीती वाटली की दादांचा हात खिशातल्या विडीकडेच जायचा, कारण चोवीस वर्षं जीव शांत करायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. मी त्यांना भीती दिली आणि तिचं करायचं काय ते सांगितलं नाही. आरोग्य-संवादाच्या अभ्यासक किम विट यांनी १९९२ मध्ये हेच मांडलं आहे: धोका मोठा दिसला आणि त्यावर आपल्या हातात काही आहे असं वाटलं नाही, तर माणूस धोक्याऐवजी भीतीच दूर सारायच्या मागे लागतो, ऐकणं टाळतो. हे मी परीक्षेसाठी वाचलं होतं. मार्चमधल्या त्या संध्याकाळी ते आठवलं नाही.

जूनमधली भेट

जूनच्या पहिल्या आठवड्यात वहिनी त्यांना घेऊन आल्या. डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं टोक काळं पडून सुकलं होतं, काळ्या मनुक्यासारखं. सेफ्टी शूजच्या लोखंडी टोकानं घासून सुरुवात झाली होती. मोजा जखमेला चिकटला होता, तो सलाइनच्या पाण्यानं भिजवून सोडवायला दहा मिनिटं लागली. वहिनी म्हणाल्या, ‘रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून झोपतात. वर घेतला की ओरडतात.’ बसल्या जागीही दुखणं आणि पाय खाली सोडला की थोडं बरं वाटणं, याचा अर्थ रक्त फारच कमी पोहोचत होतं.

या वेळी मी फोटो दाखवला नाही. दादांचं बोट त्यांच्याच मनगटावर ठेवलं. ‘लागतेय?’ ‘हो.’ मग वहिनींना चप्पल काढायला सांगितली आणि तेच बोट त्यांच्या घोट्यामागे ठेवलं. थोडं शोधावं लागलं. ‘लागली. टकटक करतेय.’ मग दादांच्या स्वतःच्या डाव्या घोट्यामागे. ते दाबून पाहत राहिले, बोट पुढे-मागे सरकवलं. बराच वेळ गेला. शेवटी वर न बघताच म्हणाले, ‘नाही लागत.’

मी लगेच पुढचं बोलले, मधे जागाच ठेवली नाही. ‘बंद झालेली वाहिनी कदाचित उघडणार नाही. पण ज्या चालू आहेत त्यांवर पाय तगू शकतो, नवीन छोट्या वाटाही शरीर तयार करतं. विडी आज थांबली, पूर्ण थांबली, तर.’ आणि एक आकडा सांगितला. अमेरिकेतल्या एका रुग्णालयानं याच आजाराच्या रुग्णांची पाहणी १९९० मध्ये प्रसिद्ध केली. तंबाखू सोडलेल्यांपैकी ९४ टक्के लोकांचा हात-पाय-बोट कापावं लागलं नाही. चालू ठेवलेल्यांपैकी ४३ टक्क्यांना एकदा तरी कापावं लागलं. दादांनी विचारलं, ‘म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव?’ लेथवर मापं घेणारा माणूस, आकडा त्यांना पटकन भिडतो. मी म्हटलं, ‘हो. बोट काळं पडायच्या आधी सोडली असती तर अजून बरं होतं. पण पाऊल अजून आपल्या हातात आहे.’

पर्यायांचा विचार

दोन दिवसांत सर्जननी पाहिलं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर निरोगी माणसात १ च्या आसपास येतं, ०.९ च्या खाली गेलं तर वाहिन्या अडल्याचं धरतात. दादांचं डाव्या पायात ०.५ आलं. मधुमेह नव्हता, कोलेस्टेरॉल ठीक होतं. अँजिओग्राफीत गुडघ्याखालच्या वाहिन्या तुटक दिसल्या आणि त्यांच्याभोवती द्राक्षवेलीच्या ताण्यासारख्या गुंडाळलेल्या बारीक वाहिन्या. बायपास जोडायला पुढं धड वाहिनीच नव्हती. म्हणजे मुख्य उपचार एकच उरला.

दादांचा पहिला प्रस्ताव होता हळूहळू कमी करायचा. तीसवरून पंधरा, मग पाच. इतर माणसांत मी कधी कधी हा मार्ग मान्य करते. इथं नाही म्हटलं, कारण या आजारात दिवसाच्या एक-दोन विड्याही आग धुमसत ठेवायला पुरतात.

दुसरा सल्ला कारखान्यातून आला: विडी सोड, मळून खा, धूर तर जाणार नाही. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त, त्यामुळे हा पर्याय प्रत्येकाच्या हाताशी असतो. दादांच्या खिशात पुडी येऊनही पोचली होती. वाहिन्यांच्या दृष्टीनं तंबाखू धुरातून आली काय किंवा चुन्यातून आली काय, निकोटिन तेच. पुडी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

खरा पेच निकोटिनच्या च्युइंगमचा होता. साध्या विडी-सिगारेटवाल्याला मी ते बिनदिक्कत सुचवते, त्यानं तलफ सुसह्य होते आणि सोडण्याची शक्यता वाढते. वाचणाऱ्यांपैकी कुणी ते घेत असेल तर या प्रकरणावरून थांबवू नये. पण बर्गरच्या आजारात निकोटिन कुठल्याही रूपात टाळावं असंच बहुतेक तज्ज्ञ सांगतात. मग उरलं ते निकोटिन नसलेलं औषध. कधी फिट आली नव्हती याची खात्री करून सर्जन आणि फिजिशियननी ब्युप्रोपिऑन निवडलं.

इथं आणखी एक अडचण आली. हे औषध लागू पडायला आठवडा लागतो, म्हणून सोडण्याची तारीख साधारण एक-दोन आठवडे पुढची ठेवतात. दादांच्या बोटाला तेवढा वेळ नव्हता. औषध लागू पडेपर्यंत ओढू द्यायचं, की औषधाच्या आधाराविना पहिले दिवस काढायचे? वहिनींनी तोडगा काढला. वाहिन्या रुंदावणारं औषध सलाइनमधून द्यायला पाच दिवस भरती व्हायचंच होतं, तर सोडण्याचा पहिला दिवस तोच. तलफ सगळ्यात जोरात असते ते पहिले तीन-चार दिवस वॉर्डात निघणार होते, टपरीपासून लांब.

प्रत्यक्ष काय केलं

वॉर्डातले दिवस वाईट गेले. चिडचिड, झोप नाही, घाम. वहिनी तळहातावर लवंग-बडीशेप घेऊन बसत. तलफेची एक लाट काही मिनिटांची असते, ती ओसरते, हे मी सांगितलं होतं. दादांनी ते भिंतीवरच्या घड्याळावर स्वतः मोजलं. चौथ्या दिवशी मला म्हणाले, ‘सात मिनिटांच्या वर एकही गेली नाही.’

घरी आल्यावर अडचण वेगळीच निघाली. सकाळी विडीशिवाय पोट साफ होत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कित्येक जण केवळ यासाठी पुन्हा सुरू करतात. समजूत अगदीच खोटी नाही, निकोटिननं आतडी हलतात आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. रात्री इसबगोल, सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, अर्धा तास आधी उठणं, एवढ्यावर तीन आठवड्यांत ते सुटलं. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

मग आई आली. सिन्नरहून एकटी, एसटीनं. बोटाची पट्टी पाहिली, विडीनं झालं हे ऐकलं आणि मला विचारलं, ‘मी बांधलेल्या विड्यांनी?’ मी त्यांना म्हटलं की तुमच्या त्या मजुरीवर हे आयटीआय शिकले. हे बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं. दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात आणि बोटांच्या कातडीतून आत घेत हजारावर मोजून पैसे मिळवणाऱ्या बाईला या दोषाचा वाटा देणं मला अन्याय वाटतो, आजही वाटतो. दादा तेव्हा गप्प होते. पण गावच्या घरी भावजय अजून विड्या वळते, तिथं तो वास असतो. दोन महिने गावी जायचं नाही, आईनं इकडं यायचं, हे त्या संध्याकाळी आईनंच ठरवलं.

तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय निःशुल्क हेल्पलाइन, १८००-११-२३५६, वहिनींच्या मोबाइलमध्ये टाकून दिली. दादांनी दोनदा लावली. चहा टपरीऐवजी कँटीनमध्ये घ्यायचा ठरला. मित्रांपैकी एकानं त्यांच्यासमोर पेटवायचं बंद केलं, बाकीच्यांनी नाही.

तेविसावा दिवस

दादा बैठ्या कामावर परत गेले होते. तिसरी पाळी, पाऊस, मशीन बंद पडलेलं. शेडखाली कुणीतरी पेटवलेली विडी हातात दिली आणि चार झुरके झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सकाळी सात वाजता मला फोन. आवाज बसला होता. ‘गेलं मॅडम सगळं.’

माझ्या तोंडी आलेलं पहिलं वाक्य ‘अहो, का?’ हे होतं. ते गिळलं. ‘कुठं उभे होतात? हातात कशी आली?’ असं विचारलं. ‘का’चं उत्तर त्यांना देता आलं नसतं, ‘कुठं’चं आलं. शेडखाली उभं राहायचं नाही आणि मशीन बंद पडलं की कँटीनकडे चालू लागायचं, असं फोनवरच ठरलं. चार झुरके झाले, पाचवा घेतला नाही, हे मी दोनदा म्हटलं. घोट्यामागची नाडी रोज रात्री बोटानं चाचपायची सवय त्यांना लागली होती. फोन ठेवताना म्हणाले, ‘आज बघायची भीती वाटतेय.’

त्यानंतर त्यांनी ओढली नाही. हे मी त्यांच्या आणि वहिनींच्या शब्दावर सांगते. लघवीतलं कोटिनिन तपासून निकोटिन कळतं, तो पर्याय मी त्यांच्यासमोर ठेवला होता आणि त्यांनी स्वतःहून दोनदा तपासून घेतलं. दोन्ही वेळा आढळलं नाही.

परिणाम

जुलैत दुसऱ्या बोटाचं काळं टोक काढावं लागलं. पाऊल वाचलं. जखम भरायला दसरा उजाडला. रात्रीचं दुखणं ऑगस्टअखेर थांबलं, पाय खाटेवर घेऊन झोप लागू लागली. जूनमध्ये घरापासून कोपऱ्यापर्यंत चालता येत नव्हतं, दिवाळीत मधे एकदा थांबून एक किलोमीटर जमलं. डाव्या घोट्यामागची नाडी आजही लागत नाही. उजव्या पावलावरची आता नीट लागते.

पुढच्या श्रावणात ते त्र्यंबकला गेले, पण फेरीला नाही. अनवाणी चालणं आता कायमचं बंद. बूट-मोजे घालून फेरीवाल्यांना फराळ वाटायला उभे राहिले.

आज काय वेगळं केलं असतं

डिसेंबरातच मोजे काढायला लावले असते. तरुण विडीवाल्याच्या पोटरीवर शीर सुजून आली तर पायाची नाडी पाहायला अर्धा मिनिट लागतं. तेवढ्या अर्ध्या मिनिटानं कदाचित ते बोट वाचलं असतं. ही गोष्ट मला अजून लागते.

मार्चमध्ये फोटो दाखवण्याऐवजी जूनमध्ये केलं ते केलं असतं, आणि वहिनींना त्याच दिवशी बोलावलं असतं. माणूस चिठ्ठी विसरून गेला तर दुसऱ्या दिवशी फोन करणं माझं काम होतं.

धोक्याची माहिती द्यायचीच, ती लपवून कुणी सोडत नाही. पण ती कुणाच्या शरीराबद्दल आहे यावर सगळं अवलंबून असतं, असं मला या प्रकरणानंतर वाटतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली इंग्लंडमधल्या ५६१ धूम्रपान करणाऱ्यांवरचा प्रयोग छापून आला होता. सगळ्यांची फुंकून फुप्फुसांची तपासणी केली. निम्म्यांना निकाल नुसत्या आकड्यात दिला, निम्म्यांना ‘तुमच्या फुप्फुसांचं वय इतकं’ असं सांगितलं. वर्षानं पहिल्या गटात ६.४ टक्के आणि दुसऱ्यात १३.६ टक्के लोकांनी सोडलेलं होतं. ज्यांची फुप्फुसं जास्त म्हातारी निघाली त्यांनीच जास्त सोडलं असंही नव्हतं. म्हणजे हादरा किती मोठा, यावर ते ठरलं नाही. स्वतःबद्दल काहीतरी कळलं, एवढं पुरलं असावं.

कारखान्याशीही उशिरा बोलले. सैल बूट आणि बैठं काम जूनमध्ये मागितलं, मार्चमध्ये मागता आलं असतं.

गेल्या महिन्यात दादा एका मुलाला घेऊन आले. त्यांच्याच पाळीतला, चोवीस वर्षांचा, रोज दोन पाकिटं सिगारेट. खुर्चीत बसायच्या आधी दादांनीच सांगितलं, ‘मॅडम, दोन्ही पायांची लागते. मी बघितली. पण डाव्याची मला जरा बारीक वाटली.’ मुलानं मोजे आधीच काढून हातात धरले होते.